मृगाच्या आत चाकांची खुर्ची धुऊन घ्या

आगोटीची कामं सुरू झाली आहेत. कौलं चाळून झाली, लाकडं पडवीत आली, आंबोशी आणि सोलं अंगणात पसरली आहेत. याच उन्हात आणखी एक वस्तू बाहेर यायला हवी, आणि ती अजून आतल्या खोलीत पडून आहे. ती म्हणजे घरातल्या आजारी माणसाची चाकांची खुर्ची.

विनंती साधी आहे, पण घाईची आहे. लघवीवर किंवा शौचावर ताबा न राहिलेलं माणूस ज्या घरात व्हीलचेअरवर बसतं, त्या घराने ती खुर्ची मृग लागायच्या आत, म्हणजे ७-८ जूनच्या आत, एकदा पूर्ण सुटी करून धुवावी आणि खडखडीत वाळवावी. एकदा पाऊस लागला की आपल्या कोकणात धड रुमाल वाळत नाही, तिथे फोमची गादी काय वाळणार?

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान गावात रुग्णोपयोगी साहित्याचं केंद्र चालवतो. वॉकर, कमोड खुर्च्या, वॉटरबेड, व्हीलचेअर असं सगळं देतो. अनामत ठेवायची, वापरायचं, गरज संपली की परत आणून द्यायचं. अशी केंद्रं महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि त्यांच्यामुळे कितीतरी घरांचा मोठा खर्च वाचतो. पण परत आलेल्या खुर्च्या उघडून पाहायचं काम आमच्या वाट्याला येतं, त्यामुळे बाकी कोणाला न दिसणाऱ्या गोष्टी आम्हाला दिसतात. लोक लकवा झाल्याचं सांगतात, मणक्याला मार लागल्याचं सांगतात, आजोबा आताशा विसरतात हेही अलीकडे मोकळेपणाने सांगतात. लघवी कपड्यात होते, हे मात्र सांगत नाहीत. मग खुर्चीला वास येतो हे कोण सांगणार?

परत आलेली खुर्ची वरून बहुतेक वेळा ठाकठीक असते. देण्याआधी घरच्यांनी रेक्झिन पुसलेलं असतं, चाकांवरून फडकं फिरवलेलं असतं. आम्ही ती उलटी करतो. सीटच्या खालच्या बाजूला रेक्झिनचं कापडी अस्तर असतं, ते पिवळं पडून पापडासारखं कडक झालेलं असतं. शिलाईच्या रेषेवर पांढरट पूड साचलेली असते. सीट दोन्ही बाजूंच्या नळ्यांना ज्या स्क्रूंनी आवळलेली असते, त्यांची डोकी गंजून फुगलेली असतात. सीट आणि पाठ यांच्यामधल्या फटीत भाताची शितं, बिस्किटाचा चुरा, कधी सकाळची म्हणून दिलेली आणि गिळलीच न गेलेली गोळी. हात ठेवायच्या गादीखालच्या फळीला बुरशी. पुढच्या लहान चाकांच्या दांडीवर केस आणि दोरे गुंडाळलेले.

यात घरच्यांचा आळस असतो असं आमचं म्हणणं अजिबात नाही. रेक्झिनवर पाणी ठरत नाही, म्हणजे पुसलं की झालं, असंच कोणालाही वाटेल. पण रेक्झिनला शिलाई असते, आणि शिलाईचं प्रत्येक टाक्याचं भोक ही लघवीला आत जायची वाट असते. आपण वरून जोरात घासतो तेव्हा ती आणखी आत ढकलली जाते.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात, आणि नाकाला झोंबतो तो हा अमोनिया. लघवी वाळली की क्षार मागे राहतात. हवा दमट झाली की ते ओलावा ओढून घेतात, जंतू पुन्हा कामाला लागतात आणि जुलैमध्ये घरचे म्हणतात, “उन्हाळ्यात तर नव्हता हो वास, आता कुठून आला?” तो मे महिन्यातही तिथेच होता, फक्त सुकलेला होता.

वास हा मात्र यातला लहान त्रास. मोठा त्रास कातडीचा. निरोगी कातडी किंचित आम्ल असते आणि तेच तिचं संरक्षण असतं. अमोनियाने ते जातं. त्यात शौचाचा स्पर्श झाला तर पोटातून आलेले पाचक रस त्या नरम कातडीवर अधिकच जोर करतात. ओली कातडी घासली की सोलते. वर दिवसभराचा भार माकडहाडावर आणि बैठकीच्या दोन हाडांवर. ज्यांच्या मणक्याला इजा झाली आहे त्यांना तर खाली चुरचुरतंय हेही कळत नाही. डायपर बदलला, पावडर लावली, धुतलेला गाऊन घातला आणि माणसाला पुन्हा त्याच ओल्या गादीवर बसवलं, तर अंघोळ करून उतरवलेलेच कपडे पुन्हा चढवल्यासारखं झालं.

गेल्या पावसाळ्यात एका घरी कमोड खुर्ची द्यायला गेलो होतो. ओटीवर टीव्ही चालू होता, मुलं होती, पाहुणे होते. ज्यांच्यासाठी खुर्ची नेली ते गृहस्थ मागच्या पडवीत, चुलीच्या लाकडांशेजारी, भिंतीकडे तोंड करून बसलेले. सूनबाई हळू आवाजात म्हणाल्या, “मामंजीच म्हणाले, मला मागेच बसव, पुढे वास जातो.” ती बाई सासऱ्यांचं सगळं मनापासून करत होती. तिच्याबद्दल आमची काही तक्रार नाही. पण माणूस मागच्या पडवीत गेला तो पायांमुळे नाही आणि लघवीमुळेही नाही, खुर्चीमुळे गेला. ती खुर्ची आम्ही तिथेच खळ्यात उघडली. सीटखालचं अस्तर आणि गादी काढल्यावर उरलेल्या सांगाड्याला काहीच वास नव्हता.

आता धुण्याविषयी. सगळं काम एका सकाळी होतं, आणि मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असला तरी दोन बादल्यांत भागतं. माणसाला कॉटवर नीट निजवा आणि त्यांना सांगा, “आप्पा, तुमची खुर्ची धुतोय हं, जेवणाच्या आत परत आणतो.” ती त्यांची वस्तू आहे, न सांगता उचलून नेऊ नये. खुर्ची अंगणात न्या, हातमोजे घाला आणि कुठलीही गोष्ट खोलण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा, म्हणजे कुठला स्क्रू कुठला यावर परत जोडताना वाद होणार नाही. गादी काढा, हाताच्या गाद्या काढा, मग स्टार स्क्रूड्रायव्हरने सीटचं रेक्झिन सोडवा. घट्ट बसलेल्या स्क्रूवर रात्रीच तेलाचा थेंब सोडून ठेवलेला बरा.

आधी साधं गार पाणी. शौच लागलेलं असेल तर ते पुठ्ठ्याच्या तुकड्याने खरवडून काढा आणि तिथेही गारच पाणी वापरा. सुरुवातीलाच गरम पाणी ओतलं तर डाग उलट बसतो. मग कोमट पाण्यात थोडी साधी कपड्यांची पावडर, जुना टूथब्रश, आणि शिलाईच्या रेषेवरून दोन्ही बाजूंनी घासणं. साबण पूर्ण निघेपर्यंत ओल्या फडक्याने पुसा, कारण राहिलेला साबणही कातडीला लागतो. वास तरीही राहिला तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून त्या जागी लावा, दहा मिनिटं राहू द्या आणि पुसून काढा. अमोनिया अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल, त्यामुळे हा उपाय खरंच चालतो. किराणा दुकानातली साधी बाटली पुरते. लिंबू नको, मुंग्या येतात.

सांगाड्यावर पाइपने पाण्याचा फवारा मारू नका. चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस वाहून जातं आणि महिन्याभरात चाक रडायला लागतं. ओल्या फडक्याने पुसा, खुर्ची दोन-चार वेळा उघडझाप करून मधल्या फुलीच्या सांध्यातली घाण काढा, लहान चाकांवरचे केस ब्लेडने कापून काढा, सगळं कोरडं करा आणि फुलीच्या बोल्टवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. ब्रेकवर आणि टायरवर तेल अजिबात नको. अभ्रे, खोळी कडक उन्हात टाका. रेक्झिन, फोम आणि रबर मात्र सावलीत, वाऱ्यावर. कडक उन्हाने रेक्झिन तडकतं, आणि तडा म्हणजे लघवीला आणखी एक वाट.

सीट परत बसवताना एखादा स्क्रू आवळला न जाता नुसता फिरत राहिला तर थांबा. त्या खुर्चीवर माणसाला बसवू नका. लघवीने भोक खाल्लेलं असतं, आणि सीट फाटते ती माणूस तिच्यावर असतानाच.

फिनेलबद्दल वेगळं लिहावं लागतंय, कारण या घरांत आम्हाला सगळ्यात आधी फिनेलचा वास येतो. फिनेल फरशीसाठी असतं. ते सीटवर राहिलं आणि त्यावर तासन् तास ओली, नाजूक कातडी टेकली तर ती भाजते. काळं फिनेल तर आणखी वाईट. ब्लीचचं पाणी लघवी असलेल्या जागी थेट ओतू नका: अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घशाला आणि छातीला लागणारा वायू निघतो. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये ब्लीच मिसळलं तर क्लोरीन निघतो, आणि कोंदट न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. आम्ही केंद्रात एकाची खुर्ची दुसऱ्याला देताना ब्लीच वापरतो, पण ती साबणाने पूर्ण धुऊन, सुकवून झाल्यावर, उघड्यावर, आणि ५ टक्क्यांचं ब्लीच एक भाग तर पाणी पन्नास भाग इतकं पातळ करून. दहा मिनिटांनी ते पुसून काढतो, नाहीतर लोखंड गंजतं. स्वतःच्या घरात एकाच माणसाच्या रोजच्या खुर्चीला ब्लीचची गरज सहसा नसते.

काही घरांत सीटखाली डांबरगोळ्यांची पुरचुंडी बांधलेली सापडते. ती आजच सोडवा. त्या गोळ्यांची वाफ चोवीस तास नाकाखाली असणं निरोग्यालाही चांगलं नाही. उदबत्तीने आणि रूम फ्रेशनरने वासावर वास चढतो, एवढंच. आणि स्पिरिटने पुसत असाल तर शेजारी देवाचा दिवा किंवा गॅस नाही ना, ते पाहा.

खुर्ची एकदा धुतली म्हणजे पावसाळा निघाला असं नाही, आणि इथे गादी महत्त्वाची. फोममध्ये लघवी मुरली असेल तर ती गादी धुवायच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या. फोम आतून कधीच पुरता स्वच्छ होत नाही, आणि भिजून-सुकून तो बसतोही. माणूस गादीवर बसलेला असताना गादी आणि सीट यांच्यामध्ये हात सरकवून पाहा. बैठकीचं हाड हाताला जाणवलं तर त्या गादीत काही उरलेलं नाही. नवी घेताना तिला दोन आवरणं शिवून घ्या: आत पाणी न शिरणारी पातळ, ताणली जाणारी खोळ, वर सुती अभ्रा. अभ्रे तीन असले तर उत्तम. एक खुर्चीवर, एक दोरीवर, एक घडीत. आपल्या बाजारपेठेत मोटरसायकलची आणि रिक्षाची सीट कव्हरं शिवणारे कारागीर असतात, ते हे काम छान करतात. व्हीलचेअरची फाटलेली सीटही तेच नवी शिवून देतात. फक्त सांगायचं की शिलाई वरच्या बाजूला नको, चेन मागे घ्या, आणि खोळीला जाड रेक्झिन नको. ते ताणलं जात नाही आणि मऊ गादी फळीसारखी होते.

गादीवर मेणकापड, त्यावर टॉवेल, त्यावर अंडरपॅड, त्यावर गोधडी असा डोंगरही रचू नका. प्रत्येक थराची सुरकुती हाडाखाली रुतते आणि प्लास्टिकने घाम धरतो. एक अंडरपॅड किंवा जुन्या सुती लुगड्याची एक सपाट घडी पुरे, ती वेळेवर बदलली म्हणजे झालं. मधे भोक असलेली रबरी ट्यूब मेडिकलवाले देतात, लोक हौसेने घेतात. ती घेऊ नका. भोकाच्या कडेने दाब वाढतो आणि जखम व्हायला मदतच होते. कमोड खुर्ची दिवसभर बसायला वापरणंही याच कारणाने टाळा.

रोज रात्री माणूस निजला की खुर्ची रिकामी असते, तेवढ्या वेळात एक ओलं आणि एक कोरडं फडकं सीट, हात आणि मागच्या फटीतून फिरवा. दिवसा ओलं झालं तर घासू नका, टिपून घ्या. लघवीची पिशवी लावलेली असेल तर ती मूत्राशयाच्या खालच्या पातळीला टांगा पण जमिनीवर घासू देऊ नका, आणि काठोकाठ भरायची वाट पाहू नका. कपडे बदलताना बैठकीची कातडी पाहा. लाल जागा बोटाने दाबून सोडल्यावरही लालच राहिली, किंवा सावळ्या अंगावर एखादी जागा गडद, गरम, टणक लागली, तर त्या जागेवर बसवणं बंद करून डॉक्टरांना दाखवा. ज्यांना स्वतःला उचलता येत नाही त्यांचा भार दर अर्ध्या तासाने तरी हलवायचा असतो. पुढे वाकवा, बाजूला कलवा. ज्यांना सांगता येतं, त्यांना दर दोन-तीन तासांनी स्वतःहून विचारा, “जायचंय का?” निम्मी खुर्ची तिथेच कोरडी राहते.

पाणी कमी देऊ नका. हे मुद्दाम लिहितोय, कारण फार घरांत चार वाजल्यानंतर आजींना पाणी मिळत नाही, कधी आजी स्वतःच पीत नाहीत. पाणी कमी झालं की लघवी दाट होते, वास वाढतो, संसर्ग होतो आणि मग ती जास्त वेळा होते. कालपर्यंत ताबा होता आणि आज अचानक गेला असेल तर वय झालं म्हणून सोडूनही देऊ नका. लघवीचा संसर्ग, साखर, किंवा बद्धकोष्ठाने तुंबलेलं पोट अशी बरी होणारी कारणं त्यामागे असू शकतात.

आता चाकरमान्यांना. तुम्ही मुंबई-पुण्याहून आंबे खायला आला आहात, या. आईवडिलांसाठी खुर्ची तुम्हीच ऑनलाइन मागवलीत, पैसे भरलेत, खोका एसटी स्टँडवरून घरी पोचला, हे सगळं चांगलं झालं. पण ती खुर्ची धुतं कोण? सत्तरीची आई, नाहीतर घरात राहिलेली वहिनी. जाण्याआधीची एक सकाळ द्या. स्क्रू सोडवणं, खुर्ची उलटी करणं ही ताकदीची कामं आहेत, ती तुम्ही करा. आमच्याकडे खुर्ची धुवायला आलेले पुरुष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि खुर्चीवर बसणाऱ्यांत पुरुष काही कमी नाहीत.

आणि देणगीदारांना. वाढदिवसाला, पुण्यतिथीला, गणपतीत व्हीलचेअर वाटण्याची पद्धत चांगली आहे. पाठीवर दात्याचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. ते शेवटपर्यंत शाबूत राहतं, कारण पाठ कधी भिजत नाही. जे भिजतं ते कोणी देत नाही. यंदा दहा खुर्च्यांऐवजी आठ द्या आणि उरलेल्या पैशांत जादा सीट, खोळी, अभ्रे, हातमोजे आणि अंडरपॅड द्या. सीट स्क्रूने सुटते का आणि हात काढता येतात का, हे पाहूनच खुर्ची निवडा.

नवी खुर्ची घ्यायची असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. राज्य सरकारने ती २०२४ मध्ये आणली. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये थेट खात्यात देण्याची तिच्यात तरतूद आहे. कमोड खुर्ची आणि व्हीलचेअर दोन्ही त्यात बसतात.

मृगापर्यंत दर रविवारी सकाळी केंद्राच्या अंगणात आम्ही खुर्च्या सोडवून देऊ, धुवायला मदत करू, गंजलेले स्क्रू बदलून देऊ. खुर्ची आमच्याकडून नेलेली असो वा तुमची स्वतःची, पैसे पडणार नाहीत. तुमची खुर्ची वाळेपर्यंत घरच्या माणसाला बसायला केंद्रातली दुसरी घेऊन जा. खुर्ची आणायला माणूस नसेल तर निरोप धाडा, रिक्षा पाठवतो. वास येतो म्हणून लाजू नका, तो वास आमच्या ओळखीचा आहे. येताना घरात जुनी सुती लुगडी असतील तर ती आणा, फडक्यांना आणि घड्यांना लागतात. नायलॉनची नकोत, ती पाणी टिपत नाहीत.